सरताज गीत ठरवलं कुणी?

मालिका, सिनेमे आणि गाण्यांवरून ऑनलाइन हमरीतुमरीवर येणारे चाहते पाहिले की हे इंटरनेटनं आणलेलं खूळ आहे, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. आपली आवड जाहीरपणे मांडायची, ती मोजायला लावायची आणि निकालावरून आठवडाभर वाद घालायचा, ही सवय आपल्याकडे पोस्टकार्डावर वाढली. १९५२ साली बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मानाचं स्थान दिलं, हे ऋण मोठं आहे. पण सिनेगीतं त्यांना हलकी वाटत. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून आकाशवाणीनं नावं गाळली. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे ३ डिसेंबर १९५२ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि फिती कोलंबोला जात. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,०००वर गेला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: लोक मत द्यायला लिहीत नव्हते, रेडिओवर स्वतःचं नाव ऐकायला लिहीत होते. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया फर्माईशींमुळेच देशभर ठाऊक झालं, हे खरंच. पण फर्माईशीचं एखादं पत्र नीट पाहा. वर गाणं, चित्रपट, गायक. खाली पाच-सात नावं, मग गावाचं नाव. एवढ्या जणांचं एका गाण्यावर एकमत व्हायचं तर आधी आपसांत चर्चा झालेली असणारच. नाव आणि गाव घालून दिलेलं मत मला आजच्या टोपणनावाच्या शेऱ्यापेक्षा जास्त जबाबदार वाटतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा सगळा बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीचा मामला होता. होताच. मात्र गाण्यांचा क्रम लावताना नुसती रेकॉर्डविक्री पुरेना. दुकानातली रेकॉर्ड संपली की गाणं लोकप्रिय असूनही विक्री थांबे. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं मोजावी लागली. कंपनीच्या पैशानं चालणाऱ्या कार्यक्रमालाही चाहत्यांच्या निवाड्यावाचून चालेना, ही गोष्ट लहान नाही. आणि ही आवड उथळ होती म्हणावं, तर १९५३चं अव्वल गाणं ठरलं ते 'अनारकली'तलं, सी. रामचंद्रांनी बांधलेलं, लताबाईंनी गायलेलं.

चाहत्यांच्या या निवाड्याला वजन होतं, याचा सर्वांत ठोस पुरावा सरकारनंच दिला. केसकर मंत्रिपदावर असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ला, विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीतं आकाशवाणीवर सन्मानानं परतली. हा इतिहास मंत्र्यांच्या आणि निवेदकांच्या नावानं लिहिला जातो. पत्रं लिहिणाऱ्यांची बाजू त्यात फार थोडी येते. तेव्हा घरात एखाद्या श्रोता संघाची वही, शिक्का किंवा पत्रांचा गठ्ठा असेल, तर कृपा करून तो रद्दीत घालू नका.