लांडगा-कुत्रा संकर

लांडगा-कुत्रा संकर : लांडगा आणि पाळीव किंवा मोकाट कुत्रा यांच्या मीलनातून होणारी संतती, तसेच तिच्यामार्फत कुत्र्याची जनुके लांडग्यांच्या वंशात शिरण्याची क्रिया. दोघांच्याही पेशींत ७८ गुणसूत्रे असल्याने ही संतती खेचरासारखी वांझ नसते. कुत्रा ही वेगळी जाती की लांडग्याचीच उपजाती, यावर वर्गीकरणशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. माळावर त्या वादाने काही अडत नाही.

सोलापूर हा भारतीय लांडग्याचा जुना मुलूख. नान्नज येथील अभयारण्य १९७९ साली घोषित झाले ते माळढोकासाठी; पण त्याच कुसळी गवतात काळविटे आहेत, लांडगे आहेत आणि मेंढरांमागे धनगरांची कुत्रीही आहेत. एकत्र वावर असला म्हणजे संकर होतोच असे नाही. टोळी शाबूत असेल तर लांडगे कुत्र्याला हुसकावतात, प्रसंगी मारूनही खातात. विषप्रयोगाने, वाहनाखाली सापडून किंवा माळ नांगरला गेल्याने टोळी फुटली, की जोडीदाराविना उरलेली मादी कुत्र्याला जवळ करते. म्हणून बहुतेक संकरांत आई लांडगा आणि बाप कुत्रा असतो.

पुण्याजवळच्या माळरानावर निसर्गप्रेमींना वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. त्यांच्या जनुकीय तपासणीतून भारतातील अशा संकराचा पहिला पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामात पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळूरची एट्री व राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांचा सहभाग होता.

संकर नेहमीच हानिकारक नसतो. उत्तर अमेरिकेतील लांडग्यांचा काळा रंग कुत्र्यांकडून आला, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. डिस्टेंपरच्या साथीत तो रंग उपयोगी पडत असावा, असे पुढील संशोधन सुचवते. पण तिकडे लांडगे पुष्कळ आहेत. भारतात ते सुमारे ३,००० उरल्याचा अंदाज आहे, आणि त्यांचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. थोड्या लांडग्यांभोवती अगणित कुत्री असली की जनुकांचा ओघ एकाच दिशेने वाहतो. पहिल्या पिढीतील संकराचा जोडीदार पुन्हा लांडगाच असला, तरी पिल्लांत कुत्र्याचा सरासरी चौथा हिस्सा राहतो, आणि ती नजरेने ओळखणे कठीण होते.

लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याचा माळ मात्र सरकारदप्तरी बहुधा ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेला असतो.