बिऱ्हाड चाकांवर

घर म्हटलें म्हणजे तें जागच्या जागीं असावयाचें, ही कल्पना आपल्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं, ज्याचें घर फिरतें त्याच्याकडे आपण किंचित् संशयानेंच पाहतों. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण वापरतों ती कांहीं कौतुकानें नव्हे. अशा माणसाला शिवेबाहेर उतरावयास सांगणें व त्याच्या मुक्कामाचे दिवस मोजणें, हा जगांतील बहुतेक गांवांचा जुना रिवाज होय. परंतु गेल्या दीडशें वर्षांत इंग्लंड व अमेरिका या देशांत एक चमत्कारिक गोष्ट घडून आली. तेथें फिरतें घर हें सुखवस्तूपणाचें लक्षण होऊन बसलें. आणि तरीहि तेंच घर गरिबाचें असेल तर त्याजवरील जुना संशय तिळमात्र कमी झाला नाहीं. या दोन वृत्ति एकाच समाजांत शेजारीं शेजारीं कशा नांदत आल्या, हें पाहण्यासारखें आहे.

आज अमेरिकेंत एखाद्या सुखवस्तु कुटुंबाची शनिवार-रविवारची सहल कशी असते तें आधीं पाहूं. शुक्रवारीं सायंकाळीं चाळीस-पंचेचाळीस फूट लांबीचें मोटार-घर कँपिंगच्या तळावर येतें. नेमून दिलेल्या क्रमांकाच्या काँक्रीटच्या ओट्यावर तें उभें राहिलें कीं कळ दाबतांच खालून लोखंडी पाय निघून तें समतल होतें. दुसरी कळ दाबली कीं बाजूची भिंत बाहेर सरकून दिवाणखाना रुंद होतो. पाण्याची नळी, विजेची तार आणि सांडपाण्याचा पाइप, एवढ्या तीन जोडण्या झाल्या म्हणजे बिऱ्हाड लागलें! आंत शीतकपाट आहे, स्नानगृह आहे, कपडे धुण्याचें यंत्र आहे. बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या अगदीं उंची गाड्यांची किंमत वीस लक्ष डॉलरांच्याहि वर जाते. मुलें सायकली घेऊन तळभर हिंडतात, पोहण्याच्या तलावावर जातात. हॅलोवीनचा सण खरा ऑक्टोबरच्या अखेरीस, पण गिऱ्हाईक टिकावें म्हणून पुष्कळ तळांवर तो सप्टेंबरपासून दर शनिवारीं साजरा होतो. रात्रीं लोखंडी कड्यांत जाळ पेटवून सारें घर त्याभोंवतीं बसतें आणि मार्शमेलो नांवाची मऊ मिठाई काडीला टोंचून भाजतें. जुन्या रानांतल्या मुक्कामाचें एवढेंच काय तें शिल्लक राहिलें आहे; पण मुलांना सोमवारीं आठवतो तो हा जाळच, हें कबूल केलें पाहिजे.

अशा कित्येक तळांवर सर्वांत मोठ्या वर्गाच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो. पुष्कळ ठिकाणीं दहा वर्षांहून जुनी गाडी आंत घेत नाहींत. उतारूची जात किंवा गांव विचारणाऱ्या धर्मशाळा आपणांस ठाऊक आहेत. त्याच्या वाहनाचें वय विचारणारी ही धर्मशाळा नवी खरी.

मौजेखातर चाकांवर घर बांधण्याची कल्पना प्रथम सिद्धीस नेल्याचें श्रेय डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉच गृहस्थास देतात. हे आरमारांत शस्त्रवैद्य होते व पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहून प्रसिद्धीस आले. त्यांनीं ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून १८८५ मध्यें "वाँडरर", म्हणजे भटक्या, नांवाची गाडी बांधवून घेतली. तिचें वजन सुमारें दोन टन, ओढावयास दोन घोडे. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत असल्यास सूचना द्यावी म्हणून त्यांचा नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई. या थाटांत इंग्लंडच्या दक्षिण भागांतून निघून ते स्कॉटलंडांत इन्व्हरनेसपर्यंत गेले, आणि त्या प्रवासाचें पुस्तक त्यांनीं १८८६ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें १९०७ मध्यें कॅरव्हान क्लब स्थापन झाला, तेव्हां डॉक्टरसाहेब त्याचे एक उपाध्यक्ष होते. स्वतःस ते "सभ्य जिप्सी" म्हणवून घेत.

हें विशेषण मोठें बोलकें आहे. मग असभ्य जिप्सी कोण? ज्यांच्या रंगीत लांकडी गाड्या पाहून डॉक्टरसाहेबांना ही कल्पना सुचली, ते रोमानी लोक. त्यांचें मूळ हिंदुस्थानांतलें, हें भाषाशास्त्रानें निःसंशय ठरविलें आहे. हजार वर्षें परक्या मुलुखांत हिंडूनहि ते पाण्याला "पानी" आणि नाकाला "नाख" म्हणतात, आणि घराला त्यांचा शब्द "खेर" असा आहे. ज्यांची ओळख बेघर म्हणून, त्यांनीं घर हा शब्द मात्र इतका संभाळून न्यावा! इंग्लंडांत १५३० च्या कायद्यानें त्यांना देशांतून निघून जाण्याची आज्ञा झाली, आणि १५५४ मध्यें जो राहील त्याला देहान्ताची शिक्षा ठरली. ते कायदे कालांतरानें गेले; परंतु डॉक्टर स्टेबल्स ज्या दशकांत आपली महागनीची गाडी घेऊन हिंडत होते, त्याच दशकांत चाकांवर राहणाऱ्या गरिबांच्या गाड्यांची नोंदणी व तपासणी व्हावी म्हणून पार्लमेंटांत विधेयकांवर विधेयकें येत होतीं. आणि त्याच राज्यकर्त्यांनीं इकडे १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा केलेला होता. त्याच्या पुढच्या आवृत्तीखालीं आमच्या सोलापुरास कैकाडी, पारधी वगैरे लोकांना तारेच्या कुंपणांत हजेरी देत राहावें लागलें, तें थेट तो कायदा रद्द होईपर्यंत. एकाच साम्राज्यांत फिरणें हा एकाचा छंद आणि दुसऱ्याचा गुन्हा होता.

मोटार आली आणि ही हौस अमेरिकेनें उचलली. १९१५ मध्यें न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टन येथील रोलँड काँक्लिन या मोटार-बसच्या व्यवसायांतील धनिकानें पंचवीस फूट लांब व आठ टन वजनाची एक गाडी तयार करविली, आणि बायकामुलांसह तो सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाकडे निघाला. आंत विजेचे दिवे, स्वयंपाकघर, निजावयाचे फळे, एवढेंच नव्हे तर छपरावर बागहि होती. तिचें नांव काय ठेवावें? "जिप्सी व्हॅन"! नांव पुन्हां त्यांचेंच.

पण या हौसेला खरी प्रतिष्ठा दिली ती हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन व वृद्ध निसर्गलेखक जॉन बरोज या चौघांनीं. मोटारींचा राजा, विजेचा राजा, टायरांचा राजा आणि त्यांच्या जोडीला एक पांढऱ्या दाढीचा ऋषि, अशी ही मंडळी १९१८ पासून उन्हाळ्यांत मोटारींचा तांडा घेऊन रानांत मुक्कामास जात, आणि स्वतःस "व्हॅगबाँड", म्हणजे उनाड भटके, म्हणवीत. प्रत्येकाचा तंबू निराळा, जेवणाचा तंबू त्याहून मोठा, त्यांत मध्यें फिरणारें गोल मेज, वर विजेचे दिवे, आणि सोबत स्वयंपाकी, नोकर व चलच्चित्रें घेणारे फोर्डचे लोक. १९२१ मध्यें खुद्द अध्यक्ष हार्डिंग मेरीलँडमधील त्यांच्या तळावर येऊन राहिले. बरोज मात्र त्याच वर्षींच्या मार्चमध्यें वारले होते. पुढें गर्दी व गवगवा इतका वाढला कीं १९२४ नंतर हे दौरे बंदच पडले. आमच्या मतें या चौघांनीं केलेली खरी कामगिरी रानांतली नव्हे, चित्रपटगृहांतली आहे. लाखों मध्यमवर्गीय कुटुंबांनीं तीं चित्रें पाहिलीं, आणि फोर्डचीच स्वस्त मोटार घेऊन तीं रस्त्याला लागलीं.

या सामान्य लोकांचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. १९१९ मध्यें फ्लॉरिडांतील टँपा शहराच्या डी सोटो पार्कमध्यें त्यांनीं "टिन कॅन टूरिस्ट्स" नांवाचा संघ काढला. डब्यांतलें अन्न खाऊन प्रवास करणारे ते हे डबेवाले. मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणाला एक रिकामा डबा डकविला कीं ती त्यांची ओळखीची खूण. आरंभीं गांवोगांवच्या नगरपालिकांनीं यांचें स्वागत केलें. प्रवासी आला म्हणजे पेट्रोल घेईल, किराणा घेईल, या व्यापारी हिशोबानें ठिकठिकाणीं फुकट तळ उघडले गेले. डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क हा त्यांत विशेष नांवाजलेला; एका काळीं गांवें आपला तळ शेजारच्या गांवाहून चांगला म्हणून जाहिराती करीत.

मग हिशोब चुकूं लागला. मोटार इतकी स्वस्त झाली कीं ती गरिबालाहि मिळूं लागली, आणि फुकट तळावर सहलीला आलेल्या बँकेच्या कारकुनाच्या शेजारीं कामाच्या शोधांत बायकामुलें घेऊन हिंडणारा मजूर येऊन उतरूं लागला. तो दोन रात्रींनीं जाईना. तेव्हां १९२३-२४ च्या सुमारास एकामागून एक गांवांनीं तळावर भाडें बसविलें, बहुधा रात्रीं पन्नास सेंट, आणि मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली. ही रक्कम तळाच्या खर्चासाठीं थोडी, आणि नको असलेला माणूस फाटकांतूनच परतावा यासाठीं पुरेशी होती. आजच्या दहा वर्षांच्या नियमाचें बीज आम्हांस या पन्नास सेंटांत दिसतें.

पुढें मंदी आली, मध्य अमेरिकेंतील शेतें धुळीबरोबर उडालीं, आणि हजारों कुटुंबें गाद्या, भांडीं, म्हातारीं माणसें मोटारीवर लादून कॅलिफोर्नियाकडे निघालीं. यांचीं बिऱ्हाडेंहि चाकांवरचींच. परंतु यांना कोणी पर्यटक म्हटलें नाहीं. फेब्रुवारी १९३६ मध्यें लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानें आपले १३६ शिपाई कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवरील नाक्यांवर पाठविले. एका शहराच्या पोलिसांनीं सबंध राज्याची सीमा अडवावी, याला कायद्याचा आधार काय हें कोणास सांगतां येईना. ज्याच्या खिशांत पैसे नाहींत किंवा हातांत काम नाहीं त्याला तेथूनच परत फिरवीत. कांहीं आठवड्यांनीं ही नाकेबंदी उठली. बाहेरच्या निर्धन माणसाला राज्यांत आणणें हाच गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र १९४१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रद्द करीपर्यंत टिकला; त्या खटल्यांतील आरोपीनें टेक्सासहून आपल्या मेव्हण्याला मोटारींतून आणलें होतें, एवढाच त्याचा अपराध! त्या निराश्रितांसाठीं मध्यवर्ती सरकारनें जे तळ उघडले त्यांपैकीं आर्विन येथील एकाचें चित्र स्टाइनबेकच्या १९३९ सालच्या कादंबरीमुळें जगास ठाऊक झालें.

ज्याच्या खिशांत पैसे होते त्यालाहि सर्व फाटकें उघडीं नव्हतींच. व्हर्जिनियांतील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानांत १९३९ मध्यें लुइस माउंटन नांवाचा तळ उघडण्यांत आला, तो केवळ काळ्या लोकांसाठीं. म्हणजे इतर तळ त्यांच्यासाठीं नव्हते. हा भेद तेथें १९५० मध्यें मोडला. तोंवर काळीं कुटुंबें १९३६ पासून निघूं लागलेलें "ग्रीन बुक" जवळ बाळगून, कोणत्या गांवीं रात्रीं कोणाच्या दारीं उतरतां येईल हें पाहून मगच मोटार काढीत.

युद्धानंतर पैसा आला, रुंद रस्ते आले, आणि मोटार-घर हा मोठा उद्योग झाला. मध्यंतरीच्या यांत्रिक सुधारणांत आम्ही शिरत नाहीं. दोन नांवें पुरेत. १९६२ मध्यें माँटानांतील बिलिंग्ज येथें यलोस्टोन नदीच्या कांठीं डेव्ह ड्रम यानें एक खाजगी तळ उघडला: रात्रीस पावणेदोन डॉलर, गरम पाण्याची न्हाणी, लहानसें दुकान. याच तळापासून पुढें "के. ओ. ए." ही देशभर पसरलेली तळांची मालिका निघाली. दुसरें नांव विनेबागो. आयोवांतील फॉरेस्ट सिटी येथल्या या कारखान्यानें १९६६ पासून मोटार-घरें अशा किफायतशीर भावानें बनविलीं कीं विनेबागो म्हणजेच मोटार-घर असें लोक म्हणूं लागले. हें नांव कारखान्यानें घेतलें तें आपल्या जिल्ह्यावरून, आणि जिल्ह्यानें घेतलें होतें तें तेथील मूळच्या एका जमातीवरून. ते लोक स्वतःला हो-चंक म्हणतात. अमेरिकन सरकारनें त्यांना विस्कॉन्सिनमधून आयोवांत हुसकलें, तेथून मिनेसोटांत, १८६३ मध्यें डकोटाच्या उजाड मुलुखांत, आणि शेवटीं १८६५ मध्यें नेब्रास्कांत. कित्येक पुन्हां पुन्हां पायीं आपल्या जुन्या भूमीकडे परतत राहिले. जबरीनें एवढें भटकविलेल्या लोकांचें नांव आज मौजेनें भटकण्याच्या वाहनावर मोठ्या अक्षरांत रंगविलेलें आहे, आणि तें वाचतांना कोणाला कांहीं चमत्कारिक वाटत नाहीं.

२०२० च्या महामारींत हॉटेलें व विमानें टाळून लोक या वाहनांकडे वळले. २०२१ मध्यें अमेरिकन कारखान्यांतून अशीं सर्व प्रकारचीं मिळून सुमारें सहा लक्ष वाहनें बाहेर पडलीं. त्यांतलीं पुष्कळ सहलीलाच गेलीं. पण घराचें भाडें परवडत नाहीं म्हणून जुन्या व्हॅनमध्यें संसार थाटणारींहि माणसें तेथें पुष्कळ आहेत, आणि त्यांत म्हातारीं अधिक, हें त्यांच्यावर निघालेल्या "नोमॅडलँड" या पुस्तकानें व २०२० च्या चित्रपटानें सर्वांस दाखविलें.

ऑरेगन राज्यांत रोग नदीच्या कांठीं ग्रँट्स पास नांवाचें लहान शहर आहे. नदीकांठीं भाडें भरून मोटार-घर उभें करण्याच्या रमणीय जागा तेथें आहेत. त्याच शहराचा असा नियम होता कीं, सार्वजनिक जागेंत अंथरूण-पांघरूण घेऊन रात्र काढणें म्हणजे "कँपिंग", आणि त्यास २९५ डॉलर दंड. शहरांत निवाऱ्याची पुरेशी सोय नसतां निजणाऱ्यास दंड करणें अन्यायाचें आहे, म्हणून कांहीं बेघर लोकांनीं दावा लावला. त्यांतील एक वृद्ध बाई आपल्या व्हॅनमध्यें झोंपत असत. २८ जून २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं शहराच्या बाजूनें निकाल दिला.