ऑर्गनॉइड

ऑर्गनॉइड (लघुअवयव) : मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली, मूळ अवयवाची रचना व कार्य काही अंशी दाखवणारी सूक्ष्म त्रिमितीय ऊती. ऑर्गनॉइड फार तर काही मिलिमीटर आकाराचा असतो.

इतिहास : सुट्या केलेल्या स्पंजाच्या पेशी पुन्हा एकत्र येऊन जिवंत स्पंज घडवतात, हे एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये दाखवले. पेशींची हीच स्वयंरचना ऑर्गनॉइडचा पाया आहे. हान्स क्लेव्हर्स व तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातील एकाच मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तरासारखी रचना वाढवली. २०१३ मध्ये व्हिएन्ना येथे मॅडलीन लँकेस्टर व युर्गन क्नोब्लिख यांनी मानवी मेंदूचे ऑर्गनॉइड तयार केले.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या भारतात रुजवण्याचे मोठे श्रेय पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचे आहे. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि १९६० च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या केंद्राचा वारसा आज नवी मुंबईत, खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन व उपचार केंद्रात चालू आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवाण पुरवते.

निर्मिती : अवयवातील मूलपेशी घेतात किंवा त्वचेच्या अथवा रक्ताच्या पेशींना पुन्हा बहुक्षम (शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या) बनवतात. बहुक्षमतेची ही पद्धत शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, तर २००७ मध्ये मानवी पेशींवर सिद्ध केली. पेशी प्रथिनयुक्त जेलमध्ये रुजवून त्यांना ठरावीक क्रमाने वाढघटक देतात. रचना मात्र पेशी स्वतःच करतात.

उपयोग : रुग्णाच्या गाठीपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडवर कर्करोगाची औषधे पारखता येतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात आतड्याचा ऑर्गनॉइड किती फुगतो, यावरून औषधाचा परिणाम जोखतात. झिका विषाणू वाढत्या मेंदूच्या पेशींना कशी इजा करतो, हे २०१६ मध्ये मेंदूच्या ऑर्गनॉइडमुळे उलगडले. भारताने २०२३ मध्ये नवीन औषधांविषयीचे नियम सुधारून, मानवी चाचणीपूर्वी प्राण्यांवरील प्रयोगांबरोबरच पेशींवर आधारित परीक्षणे व ऑर्गन-चिप (अवयवाच्या कार्याची नक्कल करणारी, पेशी वाढवलेली चिप) यांनाही स्थान दिले.

मर्यादा : बहुतेक ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे आकार वाढला की मध्यभागी प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील पेशी मरतात. रोगप्रतिकारक पेशी व इतर अवयवांशी असलेला संबंधही त्यांत सहसा नसतो. अनेक ऑर्गनॉइड गर्भावस्थेतील ऊतीइतकेच परिपक्व होतात, तसेच एका खेपेचे ऑर्गनॉइड दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून ते आजतरी रोपणाच्या अवयवाची जागा घेऊ शकत नाहीत. या मर्यादांबरोबर एक नैतिक बंधनही येते : प्रत्येक मानवी ऑर्गनॉइडच्या मुळाशी कोणा व्यक्तीच्या पेशी असतात. त्या घेण्यापूर्वी त्यांचा उपयोग तिला समजेल अशा भाषेत सांगून संमती घेणे, हा या संशोधनाचा अविभाज्य भाग आहे.