बांबूच्या बेटापाशी

धरमपेठेच्या बाजारात सूप-टोपली घेताना तिचा बांबू कुठल्या रानातला, हे आपण विचारीत नाही. डॉ. माधवराव गाडगीळ यांना मात्र बांबूनेच निराळ्या वाटेला लावले.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयरावांचे हे चिरंजीव. (वडिलांचे बालपण आपल्या नागपुरात गेले, बरं का!) जन्म 1942 सालचा, पुण्याचा. 1969 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. विषय परिसरशास्त्र, तेही गणिताच्या अंगाने. 1973 पासून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. म्हणजे माणूस आकडेमोडीतला, चळवळीतला नव्हे.

1975 च्या सुमारास कर्नाटकातील बुरुडांनी तक्रार केली की, कागदगिरण्या बांबू संपवीत आहेत. सरकारने गाडगिळांना तपास करायला सांगितले. वनखात्याची समजूत अशी की, बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ केली म्हणजे बांबू जोमाने वाढतो. गावकऱ्यांचे म्हणणे नेमके उलटे : काटे गेले की कोवळे कोंब गुरांच्या तोंडी जातात. गाडगिळांनी रानात राहून कोंब मोजले, तेव्हा गावकऱ्यांचेच खरे ठरले. शिवाय बुरुडाला बाजारभावाने घ्यावा लागणारा बांबू गिरणीला जवळजवळ फुकट! मग राखून तोडायची तिला गरजच काय? एक रान सरले की दुसरे.

अहवाल द्यावा नि गप्प बसावे, ही शास्त्रज्ञांची रीत. गाडगिळांनी ती सोडली. पुढे 2010 मध्ये ते पश्चिम घाट समितीचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट 2011 मध्ये दिलेला अहवाल लोकांसमोर यायला मे 2012 उजाडले, आणि तोही माहिती अधिकाराखाली झगडा झाल्यावर. केरळातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनीही त्याला कडवा विरोध केला. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. अहवाल त्यांच्या भाषेत वेळेवर पोचलाच कुठे होता?

आपल्या विदर्भात मात्र गाडगिळांचे मन रमले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या लहानशा गावाला 2012 साली सुमारे 1,000 हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. गाडगीळ तिथे जात, लोकांचे ऐकत, आणि त्यांच्याविषयी आवर्जून लिहीत. या गावाने तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले. त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, रानाला आग लावावी लागते. हातचा पैसा गेला, पण तेंदूची फळे झाडावर पिकू लागली. माणसांना आणि पाखरांनाही.