चिकटवहीचा इतिहास आणि आपली पहिली वही



दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून दोन अल्बम निघाले. एक सासूबाईंचा, काळ्या जाड पानांचा, फोटोंना कागदी कोपरे लावलेला. दुसरा माझा, चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचा, त्या काळी मोठ्या हौसेने घेतलेला. सासूबाईंचे फोटो अजून स्वच्छ आहेत. माझी पाने तपकिरी पडली आहेत. आईचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो सोडवायला गेले, तर त्याचा कोपरा पानालाच चिकटून राहिला. त्याहून मोठी हळहळ म्हणजे, आईशेजारी उभी असलेली बाई कोण हे सांगणारे आता घरात कोणीच नाही.

नात म्हणाली, "आजी, आपण नवीन स्क्रॅपबुक करूया." आपण शाळेत चिकटवही म्हणायचो, तीच ही. करायचीच तर नीट करावी म्हणून आधी थोडे वाचले.

याची सुरुवात लिहिण्यापासून झाली. इंग्लंडमध्ये लोक आवडलेली वचने, औषधे, पाककृती एका वहीत उतरवून ठेवत. अशा वहीची अनुक्रमणिका कशी करावी यावर जॉन लॉक या तत्त्वज्ञाने लिहिले. ते १७०६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. एकोणिसाव्या शतकात छपाई स्वस्त झाली, घरोघर वर्तमानपत्र येऊ लागले आणि उतरवण्याऐवजी कापून चिकटवणे सुरू झाले. अमेरिकेत कित्येक जण जुन्या हिशोबाच्या वह्यांवरच कात्रणे डकवत. मी वाणिज्य शाखेची, मला हे वाचून गंमत वाटली! प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले. पान ओले करायचे आणि कात्रण लावायचे.

पण हा निव्वळ विरंगुळा नव्हता. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या सुसान अँथनी यांनी आपल्या चळवळीची कात्रणे वर्षानुवर्षे जपली. बहीण मेरीने त्यांना मदत केली. त्यांचे ३३ खंड आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण या बहिणींनी ते जाऊ दिले नाही, म्हणून तो इतिहास राहिला.

पुढे १९०० मध्ये कोडॅकचा एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि वहीत कात्रणांच्या जागी घरचे फोटो आले. आजच्या पद्धतीची सुरुवात मात्र युटा राज्यातली. तिथल्या मॉर्मन पंथात कुळाची नोंद ठेवणे हे धर्मकर्तव्य मानतात. त्या पंथातल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने फोटो आणि आठवणी पारदर्शक पिशव्यांत घालून फायलींत लावल्या होत्या. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या परिषदेत त्यांच्या ५० हून अधिक वह्या मांडल्या गेल्या. पाहणाऱ्यांनी इतके विचारले की दुसऱ्या वर्षी त्यांनी दुकानच काढले.

आता आपली वही. पूर्ण आयुष्य एकदम काढून बसू नका, मन थकते. एकच प्रसंग घ्या, एखादी यात्रा किंवा बारसे, आणि दहाच फोटो निवडा. कागद 'ॲसिड-फ्री' मागा. साध्या कागदातले आम्ल त्याला पिवळा आणि ठिसूळ करते, शेजारच्या फोटोलाही बाधते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. वर्तमानपत्राचे कात्रण आणि दुकानाची गुळगुळीत पावती यांची झेरॉक्स लावा, कारण कात्रण पिवळे पडते आणि पावतीची शाई उडते. जुना फोटो कापू नका, त्याची प्रत काढून ती कापा.

चिकटवायचे कशाने? पूर्वीचा सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा, तो आपल्याला नकोच. गव्हाच्या पिठाची खळ केली तर तिला कसर लागते, मग त्या जिवांचा घात आपल्याच हातून. त्यापेक्षा सासूबाईंचे कागदी कोपरेच बरे. गोंद फोटोला लागत नाही आणि फोटो हवा तेव्हा निघतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहा. किर्दीत प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायला आम्हाला शिकवले होते. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, तसाच नुसत्या फोटोलाही नसतो. कोण, कुठे, कधी, आणि त्या दिवशी काय झाले, एवढ्या चार ओळी पुरतात. बाईचे नाव 'अमक्याची बायको' असे लिहू नका, तिचे स्वतःचे नाव लिहा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ फोटो घेऊन याच आठवड्यात बसा. श्रुतपंचमीला आपण शास्त्रांची वेष्टने बदलतो, त्याच दिवसांत ही वहीही उघडून वारा दाखवावा.

आईचा फोटो आता नव्या वहीत पहिल्या पानावर आहे, कोपरा तुटलेलाच. हिशोब जुळला नाही की रक्कम उचंत खात्यात ठेवतात. मीही त्या अनोळखी बाईच्या खाली पेन्सिलने 'नाव माहीत नाही' असे लिहून पुढे जागा सोडली आहे. माहेरच्या दूरच्या नात्यातल्या दोन आजींना फोटो पाठवला आहे. उत्तराची वाट पाहते आहे.