घोड नदीतलं एक नाव

पुण्याहून नगरला जाताना शिरूर संपलं की घोड नदीचा पूल येतो आणि पुलापलीकडे नगर जिल्हा सुरू होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण एसटीत अजून ‘एक नगर द्या’ असंच ऐकू येतं.) या नदीतल्या एका माशाच्या नावाने शास्त्रज्ञांना आणि गळ टाकणाऱ्यांना जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चकवलं.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. जमीन, पिकं, बाजारभाव मोजता मोजता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. 1839 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात त्याची दख्खनच्या माशांची यादी छापून आली. चाळीसहून जास्त जाती, त्यातल्या बऱ्याच युरोपच्या शास्त्राला पूर्णपणे नव्या.

ती यादी मी पहिल्यांदा मोबाइलवर वाचली तेव्हा आपोआप मोठ्याने वाचू लागलो. कारण लॅटिनच्या कोटाखाली सगळी आपलीच मंडळी होती. सीनघाला म्हणजे शिंगाळा. मुल्या म्हणजे ओढ्यातल्या दगडांना चिकटून राहणारा मळ्या. नुक्ता नावाच्या माशाच्या थोबाडावर विचित्र उंचवटा असतो. मला तर तो सरळ आपला ‘नकटा’ वाटतो. खुद्री हा मुळा-मुठेतला महसीर, म्हणजे खडशीच्या कुळातला. आणि घोड नदीत शिरूरला मिळालेला मोठा मासा, बार्बस मुसुल्ला.

साइक्सने जातींना इंग्रज साहेबांची नावंही दिली, पण कोळी-भोई जे म्हणत तेच शास्त्रीय नाव करायची त्याची पद्धत जास्त कामाची होती. पुढे कोणी अभ्यासक आला तर नदीकाठी जाऊन तेच नाव घ्यायचं, मासा समोर येणार. पण ज्यांनी जाळ्यातून मासा काढून ‘हा अमुक’ असं सांगितलं, त्या माणसांपैकी एकाचंही नाव जातींच्या नावांत नाही.

साइक्सनंतर हौशी गळवाले आले. त्यांची मापं विलायतेची होती, सामन आणि ट्राउट. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सुलिव्हन थॉमसने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि महसीरला सामनच्या पंक्तीला बसवलं. काहींचं तेवढ्यावर भागेना, त्यांना खराखुरा ट्राउटच हवा होता. फ्रान्सिस डे याने 1863 मध्ये निलगिरीत प्रयत्न केला तो फसला. काश्मीरात 1900 मध्ये जमलं. ट्राउटला बारमाही थंड, वाहतं पाणी लागतं. आमच्याकडे मे महिन्यात नदीच्या डबक्यात हात घातला तर चहाचं आधण आठवतं, त्यामुळे या जिल्ह्यावर ती वेळ आली नाही.

या जिल्ह्यात मासे धरायचं शिक्षण वेगळं असतं. माझ्या अकोल्याच्या मामाने मला गळ हातात देण्याआधी दोन तास नुसतं बसवून ठेवलं होतं. “मामा, टाकू का आता?” असं मी चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाला, “आरं, पाणी वाच आधी. मासा काय पळून चाललाय?” मृगाचा पाऊस पडला की पोटात अंडी घेऊन मासे उलट्या धारेने वर निघतात. ते चढणीचे मासे. ओढे, शेताचे बांध, जिथे वीतभर पाणी असेल तिथून ते वर सरकतात. त्या दिवसांत नुसत्या टोपलीनेही मासा धरता येतो, आणि म्हणूनच तेव्हा किती धरायचा याला अक्कल लागते. मामाच्या पलीकडच्या डोंगरात 1926 साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या वरच्या अंगाची चढण भिंतीशी थांबली. धरणांनी उसाला पाणी दिलं हे खरंच, पण माशाला भिंत चढता येत नाही.

आता त्या नावाकडे येतो. मुसुल्ला हे नाव पुढे पाठीवर मोठा उंचवटा असलेल्या महसीरला चिकटलं. कावेरीत अशी अजस्र धुडं मिळत. 1946 मध्ये कबिनी नदीत व्हॅन इन्गेनने 120 पौंडांचा मासा गळाला लावला, तो आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. 2013 मध्ये मार्कस नाइट आणि सहकाऱ्यांनी साइक्सचं मूळ वर्णन नीट वाचून दाखवून दिलं, की घोडचा मुसुल्ला हा महसीरच नाही, वेगळ्या गणातला मोठा मासा आहे. माझ्या धंद्यात याला चुकीचा पॉइंटर म्हणतात: नाव एकाचं, बोट दुसऱ्याकडे. गंमत इतकीच, की प्रोग्राम असता तर लगेच कोसळला असता. इथे सगळं सुरळीत चालू राहिलं आणि कावेरीतला खरा मासा स्वतःच्या नावाशिवाय कमी होत गेला. 2018 मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं ठरलं, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

तो कमी होण्यात आपल्या खुद्रीचा हात आहे, हे मला जास्त लागतं. 1970 च्या सुमारास लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महसीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीची अंडी काढून, फलित करून, ओल्या कापसातून दूरवर पाठवायची पद्धत बसवली. काम अस्सल होतं. खुद्री तेव्हा धोक्यातली समजली जायची आणि आज तिला तसा धोका मानला जात नाही. पण हे बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथल्या गॅलिबोर कॅम्पवर गळवाले मासा धरून सोडून देत आणि वहीत नोंद करत. 1998 ते 2012 च्या त्या नोंदी अभ्यासकांनी लावून पाहिल्या, तर पाहुणा खुद्री वाढत गेलेला आणि कुबडाचा मूळ मासा विरळ होत गेलेला. एका नदीचा वाचवलेला मासा दुसऱ्या नदीतल्या माशाच्या मुळावर उठला, आणि ते कळलं हौशी लोकांच्या वह्यांमुळे.

घोडवर चिंचणीला धरण आहे. भीमा खोऱ्यातल्या बाजारांत पाटीत दिसते ती बहुतेक आफ्रिकेहून आलेली चिलापी, नाहीतर गंगेकडून आणलेले रोहू-कटला. महसीर डोळ्यांनी पाहायचा तर महाडजवळ वाळणकोंडीला जावं लागतं. तिथे वरदायिनीच्या डोहात मासे धरत नाहीत, लोक त्यांना कुरमुरे टाकतात आणि हातभर मासे अंगावर आल्यासारखे वर येतात. शिरूरच्या पुलावर मात्र मी दोन-तीनदा गळवाल्या पोरांना मुसुल्ला, म्हसाळा, मसला असे सगळे उच्चार करून विचारलंय. एक जण म्हणाला, “दादा, चिलापी लागती हितं. पायजे का?”