पाणबुड्यांचे दफ्तर

जुने कागद वाचणाऱ्याला तारीख फाटलेली नोंद नवी नसते. पण तारीख नियम करून धूसर केलेली नोंद क्वचितच हाती येते. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात हिम आणि बर्फाच्या नोंदींचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे ठेवलेल्या पाणबुड्यांच्या बर्फमापनात असे पुष्कळ कागद सापडतात. नौदलाने ते देताना अट घातली होती. गुप्त मोहिमेची तारीख फक्त महिन्याचा पहिला, दुसरा की तिसरा टप्पा एवढीच सांगायची, आणि जागा अक्षांश-रेखांशाच्या पाच मिनिटांपर्यंत ढोबळ करून द्यायची. पाणबुडी नेमकी कुठे होती हे शत्रूला कळू नये, पण बर्फ किती जाड होता हे शास्त्रज्ञांना कळावे, असा तो सौदा होता.

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ किती पसरला आहे, हे १९७९ पासून उपग्रह सातत्याने मोजत आले आहेत. जाडी मात्र त्यांना बराच काळ मोजता आली नाही. म्हणून बर्फ पातळ होत चालला का, या प्रश्नाचे जुने उत्तर शीतयुद्धातल्या पाणबुड्यांच्या दफ्तरातच शोधावे लागते.

हे दफ्तर १९५८ साली सुरू होते. ३ ऑगस्टला विल्यम अँडरसन यांच्या हुकमतीखालची ‘नॉटिलस’ ही अमेरिकी पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. तिच्यावर वॉल्डो लायन हे नौदलाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पाणबुडीच्या पाठीवरचे सोनार वर आवाज सोडी, तो बर्फाच्या तळाला आपटून परत येई, आणि लागलेल्या वेळावरून तळ पाणबुडीच्या किती वर आहे ते कळे. त्यात पाणबुडीची स्वतःची खोली धरली की बर्फाचा किती भाग पाण्यात बुडाला आहे हे निघे. तरंगत्या समुद्रबर्फाच्या जाडीपैकी सुमारे ९३ टक्के भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे बुडीत भाग कळला की जाडी जवळपास कळलीच. हा सगळा खटाटोप हवामानासाठी नव्हता. पाणबुडीचा माथा बर्फावर आपटू नये आणि गरज पडली तर वर यायला जागा मिळावी, एवढाच त्याचा हेतू. माझ्या मते या साधनाचे मोल इथेच आहे: ज्यांनी ते लिहिले त्यांना तापमानवाढीच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही सिद्ध करायचे नव्हते.

सुरुवातीच्या नोंदी कागदाच्या लांब गुंडाळ्यांवर आहेत. त्यांवर बर्फाच्या तळाची खालीवर होणारी रेघ उमटलेली असते. पुढे आकडे थेट यंत्रात भरले जाऊ लागले. कागदावरची रेघ आणि यंत्रातला आकडा एकाच मापाने वाचता यावेत, म्हणून सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी नंतर वर्षे घालवली.

पहिला वाद दफ्तर खुले होण्याआधीच झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर वॉडम्स यांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये दोन ब्रिटिश पाणबुड्यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या: ‘सॉव्हरिन’ची ऑक्टोबर १९७६ मधली आणि ‘सुपर्ब’ची मे १९८७ मधली. ग्रीनलंडच्या उत्तरेला बर्फाची सरासरी जाडी १५ टक्क्यांनी घटलेली दिसली. पण एक नोंद शरदातली, दुसरी वसंतातली, आणि मधली सगळी वर्षे कोरी. दोनच वर्षांनी त्याच नियतकालिकात आल्फ्रेड मॅक्लॅरन आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९९० या काळात ध्रुवावरची जाडी वर्षागणिक हेलकावे खाते, सरळ घट मात्र दिसत नाही, असे मांडले. मॅक्लॅरन हे १९७० साली ‘क्वीनफिश’ घेऊन ध्रुवाखालून गेलेले कप्तान. आपल्याच धंद्यातल्या नोंदींवर इतका संयम दाखवणारा माणूस विरळा.

नव्वदच्या दशकात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या प्रयत्नांतून गुप्त नोंदी खुल्या होऊ लागल्या. त्याच वेळी नौदलाने शास्त्रज्ञांसाठी वेगळ्या फेऱ्या दिल्या: १९९३ साली ‘पार्गो’, १९९६ साली ‘पोगी’, १९९७ साली ‘आर्चरफिश’. ड्रू रॉथ्रॉक, यानलिंग यू आणि गॅरी मेकट यांनी या तीन फेऱ्या १९५८ ते १९७६ मधल्या फेऱ्यांशी पडताळल्या. जुने आणि नवे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात अशा २९ जागा त्यांनी घेतल्या, आणि ऋतूचा फरक काढण्यासाठी सगळे आकडे १५ सप्टेंबरच्या पातळीवर आणले. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष छापला गेला: उन्हाळ्याच्या शेवटी बर्फाचा बुडीत भाग सरासरी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आला होता. चाळीस टक्के घटीचा आकडा तिथून निघाला. २००१ साली आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या सारांशातही तो ‘संभाव्य’ असा शेरा घेऊन आला.

त्याआधीच वर्तमानपत्रांची मजल पुढे गेली होती. १९ ऑगस्ट २००० रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर सांगितले की ध्रुवावरचा युगायुगांचा बर्फ वितळून तिथे पाणी झाले आहे. ‘यामाल’ या रशियन बर्फफोड्या जहाजावरून गेलेल्या शास्त्रज्ञांनी ध्रुवावर मोकळे पाणी पाहिले होते, आणि त्यांचे पाहणे खोटे नव्हते. पण दहा दिवसांनी त्याच पत्राला दुरुस्ती छापावी लागली: नेहमीच्या उन्हाळ्यातही आर्क्टिक महासागराचा सुमारे दहावा हिस्सा बर्फाविना असतो, ध्रुवावर भेग आधीही पडली असणार, आणि तिचा संबंध तापमानवाढीशी असेलच असे नाही.

ही दुरुस्ती तापमानवाढीवर संशय घेणाऱ्यांच्या हाती आयतीच आली. त्यांच्याकडे ‘स्केट’ही होती. १७ मार्च १९५९ रोजी ही पाणबुडी ध्रुवावर पृष्ठभागावर आली होती, आणि तिची छायाचित्रे ‘तेव्हाही बर्फ नव्हता’ याचा पुरावा म्हणून दाखवली जाऊ लागली. कप्तान जेम्स कॅल्व्हर्ट यांचे स्वतःचे कथन मात्र वेगळे आहे. भेगेवर नव्याने धरलेला पातळ बर्फ त्यांनी शोधला आणि पाणबुडीच्या माथ्याने तो फोडला. अशा पातळ जागांना पाणबुडीवाले ‘स्कायलाइट’ म्हणत. भेग हिवाळ्यातही पडते. तिच्यावरून भोवतालच्या बर्फाच्या जाडीचा काहीच पत्ता लागत नाही. चित्र भक्कम वाटते, पण या प्रश्नात ते सगळ्यात कच्चे साधन आहे. २००० ची बातमी आणि ‘स्केट’चे छायाचित्र यांतली चूक एकच, फक्त पक्ष उलटे.

खरी हरकत शास्त्रज्ञांच्याच गोटातून आली, आणि ती अधिक टोकदार होती. पीटर विन्सर यांनी २००१ साली दाखवले की नव्वदच्या दशकापुरते पाहिले तर जाडी जवळपास स्थिर आहे. पुढच्या वर्षी कॅनडाच्या ग्रेग हॉलोवे आणि टेसा सू यांनी विचारले की पाणबुड्या गेल्या तिथून बर्फ वाऱ्याने सरकलाच असेल तर? वारे पालटले की बर्फ मध्य आर्क्टिकमधून कॅनडाच्या बाजूला ढकलला जातो, आणि त्या किनाऱ्याजवळच्या नोंदी खुल्या हद्दीबाहेर होत्या. म्हणजे गोपनीयतेची रेघ आणि बर्फाची हालचाल मिळून खोटी घट दाखवू शकत होत्या.

याला उत्तर म्हणून रॉथ्रॉक यांनी आधी आपल्याच साधनाची झडती घेतली. सोनारचा झोत खाली अरुंद, वर जाताना पसरत जातो, आणि परत येणारा पहिला प्रतिध्वनी बहुधा सगळ्यात खोल टोकाचा असतो. त्यामुळे बर्फ आहे त्यापेक्षा जाड दिसतो. २००७ साली रॉथ्रॉक आणि मार्क वेन्सनाहन यांनी ही चूक सरासरी २९ सेंटीमीटर असल्याचे छापले. २००८ साली १९७५ ते २००० मधल्या ३४ अमेरिकी फेऱ्यांतल्या २२०३ सरासऱ्या एकत्र घेऊन जागा, ऋतू आणि वर्ष यांचा परिणाम वेगवेगळा काढला गेला. वार्षिक सरासरी बुडीत भाग १९८० मधल्या ३.४२ मीटरवरून २००० मध्ये २.२९ मीटरवर आलेला निघाला. शतकाच्या शेवटाकडे घट जवळपास थांबली होती, हेही त्यात नोंदले आहे. म्हणजे विन्सर यांचे निरीक्षणही बसले आणि आधीची मोठी घटही टिकली.

२००९ मध्ये रॉन क्वोक यांच्याबरोबर रॉथ्रॉक यांनी या मालिकेला आइससॅट उपग्रहाचे मापन जोडले. हिवाळ्यातली सरासरी जाडी १९८० मध्ये ३.६४ मीटर होती, ती २००८ च्या हिवाळ्यात १.८९ मीटर झाली. हॉलोवे यांच्या हरकतीने जुन्या चाळीस टक्क्यांना धक्का बसला होता. पण वाऱ्याने बर्फ एका कोपऱ्यात लोटल्याने इतकी वर्षे एवढी घट दिसत राहील, हे मानणे आता कठीण आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात बर्फाचा विस्तार उपग्रहकाळातल्या नीचांकाला, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. त्याच महिन्यात वॉडम्स यांनी २०१५-१६ पर्यंत उन्हाळी बर्फ कोसळेल असे भाकीत केले. २०१६ च्या सप्टेंबरात ४० लाख चौरस किलोमीटरहून अधिक बर्फ शिल्लक होता, आणि भाकिताची टर उडाली. टर उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचा १९९० चा निबंध उघडून पाहिला, कोण जाणे. ‘सॉव्हरिन’ आणि ‘सुपर्ब’च्या नोंदींवरून त्यांनी घटीचा जो अंदाज बांधला होता, त्याची दिशा पुढच्या लांब पल्ल्याच्या मोजण्यांत तशीच राहिली आहे.